एमटी-२ च्या सुपरनेटंटमध्ये टी-पेशी वाढतात, पण आयएल-२ शून्य: मग वाढवतंय कोण?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. टी-पेशींचा (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा) ल्युकेमिया घडवणाऱ्या एचटीएलव्ही-१ विषाणूची लागण झालेली एमटी-२ ही सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढत राहणाऱ्या पेशी, तुम्ही ठाण्याच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी वाढवताय. तिच्यावरचं मीडियम, म्हणजेच सुपरनेटंट, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, २० टक्के प्रमाणात, दात्याच्या रक्तातल्या टी-पेशींना घातलं. त्या पेशी आधी तीन दिवस पीएचए (टी-पेशींना विभागायला लावणारं प्रथिन) देऊन चेतवलेल्या होत्या. ७२ तासांनी एमटीटीचं, म्हणजे जिवंत पेशींचा अंदाज देणाऱ्या रंगचाचणीचं, रीडिंग कंट्रोलच्या दुपटीवर गेलं. आयएल-२ म्हणजे टी-पेशींचा ग्रोथ फॅक्टर, त्यांना वाढवणारं प्रथिन; ते मोजणारा एलायझा त्याच सुपरनेटंटमध्ये मात्र शून्य. गाइड म्हणतात किट खराब आहे. आणि प्रबंधात 'ल्युकेमियाच्या पेशी स्वतःचा ग्रोथ फॅक्टर स्वतः बनवतात' असं लिहावं का, हे तुम्हाला ठरवायचंय.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका प्रयोगशाळेत २२ वर्षं टिश्यू कल्चर करते आहे, त्यातली बरीच वर्षं याच विषाणूच्या सेल लाइन्सवर गेली. किट खराब असेल असं मला वाटत नाही. पण ते वाक्यही आज लिहू नका. तुमच्या हातात एकच निरीक्षण आहे: या सुपरनेटंटमध्ये असं काहीतरी आहे की ज्याने दुसऱ्या पेशींचा एमटीटी वाढतो. ते 'काहीतरी' ग्रोथ फॅक्टर आहे का, हा पुढचा प्रश्न. एमटी-२ स्वतः त्यावर जगते का, हा त्याहून वेगळा. आणि रुग्णाच्या अंगातली ल्युकेमियाची पेशी तसंच करते का, हा तिसरा. हे तीन प्रश्न एकाच वाक्यात कोंबले गेलेत, म्हणून तुम्ही आणि गाइड दोघंही अडकला आहात.

तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण तो लगेच संपतो. एमटी-२ ही ल्युकेमियाची पेशीच नाही. मियोशी आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये एका स्त्री रुग्णाच्या ल्युकेमिया पेशी आणि एका नवजात मुलाच्या नाळेतल्या रक्ताच्या पेशी एकत्र वाढवल्या. त्या मिश्रणातून जी लाइन टिकली तिची गुणसूत्रं मुलाची निघाली. म्हणजे रुग्णाच्या पेशींमधला विषाणू बाळाच्या निरोगी टी-पेशींत शिरला आणि त्या पेशी अमर झाल्या. एमटी-२ ला 'विषाणूने रूपांतरित केलेली टी-पेशी' म्हणा, ते बरोबर आहे. हा शब्दांचा काथ्याकूट वाटेल, पण तसं नाही. एमटी-२ मध्ये विषाणूचं टॅक्स हे प्रथिन भरपूर बनत असतं आणि तेच पेशीची निम्मी यंत्रणा चालू ठेवतं. रुग्णाच्या रक्तातून ताज्या काढलेल्या एटीएल पेशींत, म्हणजे प्रौढांच्या टी-पेशी ल्युकेमियात, टॅक्स बहुधा दिसतच नाही. कित्येक रुग्णांत ते जनुक बंद तरी पडलेलं असतं नाहीतर तुटलेलं. तिथे कायम आढळतं ते एचबीझेड, विषाणूच्या उलट्या धाग्यावरून वाचलं जाणारं जनुक. त्यामुळे एमटी-२ मध्ये जे दिसेल ते रुग्णात असेलच असं धरून चालता येत नाही.

आता मागचा इतिहास थोडा सांगते, कारण तुमची शंका आली आहे ती तिथूनच. १९७६ मध्ये मॉर्गन, रसेटी आणि गॅलो यांनी दाखवलं की पीएचए दिलेल्या लिम्फोसाइट्सवरच्या (टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशींवरच्या) मीडियममध्ये एक घटक असतो, आणि तो मिळाला की माणसाच्या टी-पेशी प्रयोगशाळेत कितीतरी दिवस वाढत राहतात. त्याला टी-सेल ग्रोथ फॅक्टर म्हणायचे. पुढे तोच आयएल-२. टी-पेशी अशा टिकवता आल्या म्हणूनच १९८० मध्ये गॅलो यांच्या प्रयोगशाळेला त्यांत एचटीएलव्ही सापडू शकला. त्याच वर्षी स्पॉर्न आणि टोडारो यांनी ऑटोक्राइनची कल्पना मांडली: कर्कपेशी स्वतःचा ग्रोथ फॅक्टर स्वतःच सोडते आणि स्वतःच घेते. दोन्ही धागे जुळवायला कुणालाही वेळ लागला नाही. विषाणू पेशीला आयएल-२ बनवायला लावतो आणि पेशी तोच पिऊन वाढते, असं चित्र तयार झालं. काही सेल लाइन्स आयएल-२ बनवतात असे सुरुवातीचे अहवालही होते.

मग १९८४ मध्ये गॅलो यांच्याच गटाने आयएल-२ चा संदेश-आरएनए शोधला, तर विषाणूबाधित बहुतेक लाइन्समध्ये तो मिळाला नाही. मिळालं ते दुसरंच. या पेशींवर आयएल-२ च्या रिसेप्टरची (त्याला पकडणाऱ्या, पेशीवरच्या प्रथिनाची) अल्फा साखळी, आपण जिला सीडी-२५ म्हणतो, ती खच्चून भरलेली असते. टॅक्स एनएफ-कप्पा-बी या, पेशीतली जनुकं चालू करणाऱ्या मार्गाने ते जनुक चालू ठेवतं. म्हणजे दाराला कुलपं शेकड्यांनी, पण किल्ली बनवणारं घरात कुणी दिसत नाही. १९९५ मध्ये याचा एक दुवा हाती आला: रिसेप्टरचा संदेश पेशीच्या आत नेणारा जॅक-स्टॅट मार्ग या रूपांतरित पेशींत बाहेरून आयएल-२ न देताही चालू असतो. विषाणूने नुकत्याच पकडलेल्या टी-पेशींना सुरुवातीला आयएल-२ द्यावाच लागतो. काही महिन्यांनी त्यांतल्या काही त्यावाचून वाढू लागतात, आणि ते घडतं तेव्हा बहुतेकदा हा आतला मार्ग कायमचा चालू झालेला असतो.

तुमचा शून्य एलायझा या इतिहासाशी अगदी जुळतो. तरीही गाइडचं म्हणणं तपासल्याशिवाय सोडू नका. आयएल-२ बनत असूनही शून्य येण्याची दोन खरी कारणं असू शकतात आणि दोन्ही किटच्या बाहेरची आहेत. एक म्हणजे, पेशी आयएल-२ सोडतात आणि इतके रिसेप्टर असल्यामुळे लगेच ओढून घेतात, मीडियममध्ये काही उरतच नाही. दुसरं म्हणजे, एमटी-२ सारख्या पेशी सीडी-२५ चा बाहेरचा भाग तोडून मीडियममध्ये सोडतात, आणि तो तरंगता रिसेप्टर आयएल-२ ला धरून एलायझाच्या अँटिबॉडीपासून झाकू शकतो.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय स्पाइक रिकव्हरीचा. तुमच्या सुपरनेटंटमध्ये मिलिलीटरला १०० पिकोग्रॅम शुद्ध आयएल-२ मुद्दाम मिसळा, साध्या मीडियममध्येही तेवढाच मिसळा, आणि दोन्ही त्याच प्लेटवर मोजा. दोन्हीकडे ८०-९० च्या वर आकडा आला तर किटही चांगलं आणि झाकाझाकीही नाही. साध्या मीडियममध्ये ९० आणि सुपरनेटंटमध्ये ३० आला तर काहीतरी झाकलं जातंय. चार वेल्सचं काम आहे, आणि गाइडशी होणारा वाद तिथेच मिटतो.

आणि एक हिशेब मांडते, तो वहीत लिहून ठेवा. आयएल-२ चा उच्च-आकर्षण रिसेप्टर साधारण १० पिकोमोलरला निम्मा भरतो. रेणूभार १५ हजारांच्या आसपास धरला तर हे मिलिलीटरला सुमारे १५० पिकोग्रॅम झाले. तुमचं किट १० पिकोग्रॅमपर्यंत पकडत असेल आणि तरी शून्य दाखवत असेल, तर सुपरनेटंटमध्ये फार तर १० असेल. २० टक्के प्रमाणात पेशींपर्यंत पोचतो तो २. एवढ्यात दुपटीची वाढ होणार नाही. स्पाइक चांगला परत आला तर तुम्ही ठामपणे म्हणू शकता की दात्याच्या पेशींवर दिसलेला परिणाम आयएल-२ मुळे नाही. हा नकारात्मक निष्कर्षही प्रबंधात मानाने जाईल असा आहे.

मग वाढवतंय कोण? इथे मला थोडं जास्त बोलायचंय, कारण माझे स्वतःचे चार महिने यात गेले आहेत.

पहिला संशय एमटीटीवर. एमटीटी पेशी मोजत नाही. पिवळ्या क्षाराचं जांभळ्या स्फटिकांत क्षपण (रिडक्शन) किती झालं ते मोजतो. आणि एचटीएलव्हीबाधित पेशी मीडियममध्ये काय सोडतात, तर थायोरेडॉक्सिन. त्याची गोष्ट तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. जपानमध्ये योदोई यांच्या गटाला एटीएलच्या सेल लाइनच्या सुपरनेटंटमध्ये सीडी-२५ वाढवणारा एक घटक मिळाला. त्याला एटीएलपासून आलेला घटक म्हणून एडीएफ असं नाव दिलं, नवा सायटोकाइन (पेशी एकमेकींना धाडतात ते संदेश-प्रथिन) मिळाल्यासारखंच वाटत होतं. १९८९ मध्ये त्याचा क्रम वाचला तेव्हा तो माणसाचा थायोरेडॉक्सिन निघाला, म्हणजे डायसल्फाइड बंध क्षपित करणारं, सगळ्याच पेशींत असणारं एक छोटं प्रथिन. तरी सुपरनेटंटमधला त्याचा परिणाम खोटा नव्हता. विरळ पेरलेल्या लिम्फोसाइट्सना क्षपणकारक वातावरण मानवतंच. बीटा-मरकॅप्टोइथेनॉलची बाटली उघडली की हूडबाहेरपर्यंत जो कुजका वास येतो, तो रसायनाचा थेंब आपण मीडियममध्ये याचसाठी घालतो. पण क्षपण करणाऱ्या गोष्टी पेशी नसतानाही एमटीटीला रंग आणू शकतात. म्हणून पेशींविना, फक्त मीडियम, सुपरनेटंट आणि एमटीटी असलेले तीन वेल्स लावा. त्यांचं रीडिंग वजा करा. दुपटीतलं किती उरतं ते बघा. आणि एकदा तरी ट्रिपॅन ब्लू (फक्त मेलेल्या पेशींना चढणारा रंग) घालून हिमोसायटोमीटरवर पेशी डोळ्यांनी मोजा.

दुसरा संशय खुद्द विषाणूवर. एचटीएलव्हीचा कण साधारण १०० नॅनोमीटरचा, तुमच्या फिल्टरचं छिद्र २२० नॅनोमीटरचं. तो सरळ पलीकडे जातो. १९८७ मध्ये गझोलो आणि ड्यूक डोडों यांनी दाखवलंय की हा कण विश्रांत टी-पेशींना थेट चेतवू शकतो. म्हणजे तुमच्या वेलमध्ये ग्रोथ फॅक्टर नसून विषाणूच माइटोजेनचं, म्हणजे पेशींना विभागायला लावण्याचं, काम करत असेल. १०० किलोडाल्टनचं सेंट्रिफ्यूज फिल्टर घ्या. आयएल-२, त्याचा भाऊबंद आयएल-१५, थायोरेडॉक्सिन हे सगळे खाली उतरतात. विषाणू आणि पेशींनी सोडलेल्या पुटिका वर राहतात. वरचा भाग आणि खालचा भाग वेगवेगळे तपासा. माझ्या मते हा तुमच्या प्रकल्पातला सर्वांत बोलका प्रयोग ठरेल.

तिसरा संशय मायकोप्लाझ्मा या, कल्चरमध्ये गुपचूप शिरणाऱ्या अतिसूक्ष्म जिवाणूवर, आणि माझे चार महिने गेले ते इथेच. आमच्याकडे एका बाधित लाइनच्या सुपरनेटंटने दात्याच्या पेशी सुंदर वाढत होत्या. दर आठवड्याला आलेख सारखाच. पावसाळ्यात इन्क्युबेटरला बुरशी लागली म्हणून सगळं धुवून नव्याने सुरू केलं, फ्रीझरमधली जुनी व्हायल वितळवली, आणि परिणाम नाहीसा झाला. पीसीआर केला तेव्हा कळलं की मधल्या काळात चालवलेली लाइन मायकोप्लाझ्माने भरलेली होती. मायकोप्लाझ्माच्या काही जाती लिम्फोसाइट्सना स्वतःच चेतवतात, काही आर्जिनिन संपवून उलट मारतात. मीडियम ढगाळ होत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही. म्हणून तुमची सेल लाइन कुठून आली यावर बरंच अवलंबून आहे. रिपॉझिटरीतून कागदपत्रांसह आली असेल तर गोष्ट वेगळी. शेजारच्या लॅबमधून फाल्कन ट्यूबमध्ये आली असेल तर आधी पीसीआर, मग बाकी सगळं.

यातून सुटून काही खरोखर उरलं, तर मग फॅक्टरचा शोध. एमटी-२ आणि तिच्यासारख्या लाइन्स कितीतरी सायटोकाइन सोडतात. १९८४ मध्येच बाधित पेशी कायमस्वरूपी अनेक लिम्फोकाइन (लिम्फोसाइट्सचे सायटोकाइन) सोडतात असं सलाहुद्दीन आणि सहकाऱ्यांनी नोंदवलं होतं. टॅक्स आयएल-१५ आणि आयएल-९ ची जनुकं चालू करतं, जीएम-सीएसएफ या सायटोकाइनचंही. एटीएलच्या रुग्णाचं कॅल्शियम अचानक चढतं त्यामागे पॅराथायरॉइड संप्रेरकासारखं एक प्रथिन मोठं कारण असतं, तेही याच पेशींतून येतं. तुमच्या पेशी टी-पेशी आहेत म्हणून आधी आयएल-१५ वर अँटिबॉडी लावून बघा. सीटीएलएल-२ ही उंदराची लाइन मिळाली तर तिच्यावरही तपासा. ती माणसाच्या आयएल-२ ला आणि आयएल-१५ ला दोन्हींना प्रतिसाद देते, म्हणून दोन अँटिबॉडी वेगवेगळ्या वेल्समध्ये घाला. नुसतं 'सीटीएलएल वाढली' म्हणजे आयएल-२ आहे असं जुन्या पेपरांत गृहीत धरलेलं दिसेल. आयएल-१५ चा शोध १९९४ चा, त्याआधीच्यांना ते माहीत असायचं कारण नव्हतं.

इथवरचं सगळं तुमच्या पहिल्या प्रश्नाचं. एमटी-२ स्वतः त्या फॅक्टरवर जगते का, यासाठी सुपरनेटंट दुसऱ्या पेशींवर घालून काहीच कळत नाही. शेजाऱ्याने डबा आवडीने खाल्ला म्हणून तो घरच्यांनीही खाल्ला असं होत नाही. एमटी-२ लाच तोडून बघावं लागतं. त्यासाठी महागडं काही लागत नाही, पेशी विरळ पेरा. मिलिलीटरला एक लाख, दहा हजार, एक हजार. पेरण्याआधी गुच्छ नीट फोडा. एमटी-२ चे गुच्छ लाडवांसारखे घट्ट असतात, पाच मिलिलीटरच्या पिपेटने दहा-बारा वेळा हळू वरखाली केल्याशिवाय ते सुटत नाहीत, आणि गुच्छ राहिला की 'विरळ' या शब्दाला अर्थ उरत नाही. बाहेर सोडलेल्या फॅक्टरवर पेशी जगत असेल, तर एक हजारच्या वेलमध्ये वाढ कोसळेल आणि दाट कल्चरचं सुपरनेटंट घातल्यावर सावरेल. त्यानंतर सीडी-२५ अडवणारी अँटिबॉडी एमटी-२ च्याच कल्चरमध्ये घाला आणि दोन गोष्टी बघा: वाढ मंदावते का, आणि पेशी पीत होत्या तो आयएल-२ आता मीडियममध्ये साचतो का. दुसऱ्या निरीक्षणाने तुमच्या शून्य एलायझाचं 'पेशी पिऊन टाकतात' हे कारणही निकालात निघेल. एक अडचण मात्र राहते. फॅक्टर आणि रिसेप्टर पेशीच्या आतच भेटत असतील तर बाहेरची अँटिबॉडी तिथे पोचत नाही. जॅक अडवणारं टोफासिटिनिब हे औषध आत पोचतं, पण त्याने फक्त मार्ग चालू आहे एवढंच कळतं. तो कुणी चालू केला ते कळत नाही.

विषाणू पेशीला खरोखर स्वतःच्या फॅक्टरवर जगायला लावतो, अशी उदाहरणं आहेत, आणि ती मला या विषयातली सर्वांत देखणी वाटतात. गिबन वानराच्या ल्युकेमिया विषाणूची लाइन एमएलए-१४४ सतत आयएल-२ बनवते. १९८५ मध्ये दिसलं की विषाणूचा तुकडा आयएल-२ च्या जनुकातच जाऊन बसलाय. फ्रेंड विषाणूने तर फॅक्टर बनवायचीही तसदी घेतली नाही: त्याच्या आवरणाचं जीपी-५५ हे प्रथिन थेट एरिथ्रोपॉइटिनच्या रिसेप्टरला जोडलं जातं आणि लाल पेशींची पूर्वज पेशी फॅक्टरशिवाय वाढत सुटते, हे १९९० मध्ये सिद्ध झालं. एचटीएलव्ही या दोन्हींहून वेगळा. तो जनुकात अशी एक ठरलेली जागा धरून बसत नाही, रुग्णागणिक वेगळ्या जागी सापडतो. त्याचं काम टॅक्स आणि एचबीझेड यांच्यामार्फत चालतं.

आणि रुग्णांत? ते रोगाच्या टप्प्यावर अवलंबून आहे. वॉल्डमन यांच्या गटाने दाखवलं की धुमसत्या आणि जुनाट प्रकारच्या एटीएलमध्ये रुग्णाच्या पेशी बाहेर काढून ठेवल्या तर काही दिवस आपोआप वाढतात, आणि त्यात आयएल-२, आयएल-९, आयएल-१५ यांचा हात असतो. तीव्र प्रकारात तसं दिसत नाही. सीडी-२५ विरुद्धची अँटिबॉडी रुग्णांना दिली तेव्हा काहींना उतार पडला, बहुतेकांना नाही. लागण झालेल्यांपैकी शेकडा ३ ते ५ जणांनाच आयुष्यात कधीतरी एटीएल होतो आणि त्यालाही कित्येक दशकं लागतात. सुरुवातीला पेशी फॅक्टरवर टेकते आणि नंतर जनुकांत बदल साठत जाऊन तिला त्याची गरज उरत नाही, असं मी मानते. तुमच्या प्रबंधाच्या चर्चेत हे एक शक्यता म्हणून मांडा, तुमच्या निकालाचा भाग म्हणून नको.

एक गोष्ट कळकळीने सांगते. प्रश्नात तुम्ही 'दाता' लिहिलंय, तो लॅबमधलाच कुणी असेल तर आज थांबवा. स्वतःच्या किंवा सहकाऱ्याच्या रक्तातल्या पेशींवर हे सुपरनेटंट कधीही घालू नका. त्या पेशी विषाणूने अमर झाल्या आणि सुईच्या टोचण्यातून परत त्याच माणसात गेल्या, तर त्याची प्रतिकारशक्ती त्यांना परकं मानणार नाही. रक्तपेढीतला बफी कोट (रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा थर) घ्या, काम क्लास-२ हूडमध्ये करा, काचेच्या पाश्चर पिपेट नकोत, ब्लीच दहा टक्के आणि रोज ताजं. रक्तपेढीत एचआयव्ही, कावीळ बी व सी, सिफिलिस आणि मलेरिया तपासतात, एचटीएलव्हीची तपासणी आपल्याकडे सक्तीची नाही, त्यामुळे बफी कोटही जिवंत विषाणू समजूनच हाताळा.

प्रकल्पाला दोनच महिने उरलेत असं तुम्ही लिहिलंय. तेवढ्यात मायकोप्लाझ्मा पीसीआर, पेशींविना एमटीटी, स्पाइक रिकव्हरी, १०० किलोडाल्टनचे दोन भाग आणि विरळ पेरणी एवढं आरामात होतं. सीटीएलएल आणि अँटिबॉडी पुढच्या मुलीसाठी ठेवा. आणि आत्ता लिहायचंच असेल तर असं लिहा: 'एचटीएलव्ही-१ ने रूपांतरित एमटी-२ पेशींच्या सुपरनेटंटमध्ये चेतवलेल्या टी-पेशींच्या वेलमधलं एमटीटी रीडिंग वाढवणारा घटक आढळला, तो आयएल-२ असल्याचा पुरावा मिळाला नाही.' यातला शब्दन् शब्द तुमच्या आकड्यांवर उभा आहे, मौखिक परीक्षेत कुणीही विचारलं तरी.

मायकोप्लाझ्माचा निकाल आणि स्पाइकचे दोन आकडे आले की इथेच टाका. १०० किलोडाल्टनच्या फिल्टरचं प्रोटोकॉल मी तेव्हा लिहून देईन, कारण बफरचं प्रमाण तुमच्या सीरमच्या टक्केवारीवर ठरवावं लागेल आणि ती तुम्ही प्रश्नात दिलेली नाही.